गोचीड : नुसती प्रवासी की वाहक?

‘योग्य जोड्या लावा’ हा प्रश्न आपल्या सर्वांच्या परिचयाचा. एका रकान्यात हिवताप, डेंग्यू, हत्तीरोग, प्लेग. दुसऱ्या रकान्यात डासांच्या जाती आणि पिसू. मुले रेघा ओढतात, गुण मिळवतात. मनात मात्र एक समज पक्का बसतो, की प्रत्येक रोगाला एक ठरलेला वाहक असतो आणि तो कोण हे कुणीतरी एकदा शोधून ठेवलेले आहे. प्रत्यक्षात अशी एकेक रेघ ओढताना शास्त्रज्ञांना बरेच श्रम पडले. काही रेघा आधी चुकीच्या ओढल्या गेल्या. एक रेघ तर सत्तर वर्षे होत आली तरी ठिपक्याठिपक्यांचीच आहे. ती आहे वेस्ट नाईल विषाणू आणि गोचीड यांच्यामधली.

वेस्ट नाईल हा मुळात पक्ष्यांचा विषाणू. क्युलेक्स जातीचा डास बाधित पक्ष्याचे रक्त पितो, काही दिवसांनी विषाणू डासाच्या लाळेत उतरतो आणि पुढच्या पक्ष्याच्या रक्तात जातो. पक्षी, डास, पुन्हा पक्षी असे हे चक्र चालते. माणूस आणि घोडा त्यात मध्येच सापडतात. त्यांना ताप येतो, क्वचित मेंदूला सूज येते आणि प्राणही जातो. पण त्यांच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की त्यांच्यापासून डासाला लागण होत नाही. चक्राच्या दृष्टीने ती बंद गल्ली. डासाची बाजू भक्कम पुराव्यांनी सिद्ध झालेली आहे. मग पक्ष्यांच्या घरट्यांत, खुराड्यांत आणि पिसांत राहणाऱ्या गोचिडींमध्ये हाच विषाणू पुनःपुन्हा का सापडत राहिला? त्या त्याला पसरवतात, की त्यांच्या पोटात तो नुसता बसून असतो?

एकाच वर्षी दोन शोध

या कथेची सुरुवात १९३७ सालात आहे, आणि तीही दोन ठिकाणी.

युगांडात रॉकफेलर प्रतिष्ठानाचे संशोधक पीतज्वराचा माग काढत होते. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे तोवर पक्के झाले होते. तो आफ्रिकेत कुठे कुठे आहे हे पाहण्यासाठी ते गावोगाव रक्ताचे नमुने घेत. वेस्ट नाईल जिल्ह्यातल्या ओमोगो या गावी एका स्त्रीच्या अंगात थोडा ताप होता. तिचे रक्त उंदरांना टोचल्यावर उंदीर आजारी पडले, पण विषाणू पीतज्वराचा निघाला नाही. केनेथ स्मिथबर्न आणि सहकाऱ्यांनी १९४० मध्ये हा नवा विषाणू जाहीर केला आणि जिल्ह्याचेच नाव त्याला दिले. शोधत होते एक, सापडले दुसरे! विषाणूशास्त्राच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते.

त्याच वर्षी सोव्हिएत रशियाच्या अतिपूर्वेकडील जंगलात लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली एक पथक गेले होते. जंगलतोडीच्या कामावरचे मजूर, सैनिक आणि वसाहतकरी मेंदूज्वराने मरत होते. जपानी मेंदूज्वर तेव्हा माहीत होता. तो उन्हाळ्याच्या अखेरीस येतो आणि डासांमुळे पसरतो, म्हणून इथेही संशय डासांवर जाणे साहजिक होते. झिल्बर यांनी रुग्णांच्या आजाराच्या तारखा मांडून पाहिल्या. रोग वसंतातच सुरू होत होता, आणि त्या थंड प्रदेशात तेव्हा डास उडायलाही लागलेले नसतात. त्या दिवसांत जंगलात माणसाला चावणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गोचीड. प्रयोगशाळेत नंतर सारे सिद्ध झाले, पण पहिला पुरावा दिनदर्शिकेने दिला. पथकाला त्याची किंमतही मोजावी लागली. मिखाईल चुमाकोव्ह या तरुण संशोधकाला स्वतःलाच लागण होऊन त्यांचा उजवा हात अधू झाला आणि श्रवणशक्ती क्षीण झाली; आणि झिल्बर यांना त्याच वर्षी अटक होऊन तुरुंगात जावे लागले.

या दोन विषाणूंची पुढे तुलना झाली तेव्हा ते चुलत भावंडे निघाले. दोघांनाही ‘फ्लॅव्हिव्हायरस’ या एकाच प्रजातीत ठेवले गेले. ‘फ्लॅव्हस’ म्हणजे लॅटिनमध्ये पिवळा. पीतज्वरावरून पडलेले हे नाव. एक भावंड डासांच्या यादीत गेले, दुसरे गोचिडींच्या. ही वाटणी इतकी नीटनेटकी वाटली की बराच काळ ती कुणी फारशी हलवून पाहिली नाही.

नाईलकाठचे कावळे आणि कबुतरांचे मनोरे

हलवली ती कैरोत. तिथल्या अमेरिकन नौदलाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात १९५० नंतरच्या वर्षांत रिचर्ड टेलर, टेलफर्ड वर्क आणि हर्बर्ट हर्लबट यांनी वेस्ट नाईल विषाणूचा अभ्यास हाती घेतला. कैरोच्या उत्तरेला नाईलच्या त्रिभुज प्रदेशात सिंदबिस नावाचे खेडे आहे. त्या परिसरातली माणसे, जनावरे, पक्षी आणि डास असे सगळेच त्यांनी तपासले. क्युलेक्स डासांमधून विषाणू मिळाला. तिथल्या बहुतेक माणसांना लहानपणीच लागण होऊन जात असे. मोठ्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडत, पण मोठ्या साथीची कुणाला आठवण नव्हती. अंगात राखी जाकीट घातल्यासारखे दिसणारे तिथले कावळे आणि आपल्याही ओळखीच्या चिमण्या यांच्या रक्तातही प्रतिपिंडे मिळाली. पिंजऱ्यातल्या कावळ्यांना विषाणू टोचला तेव्हा ते मेले. शेतातले कावळे मात्र मरून पडलेले दिसत नव्हते. (१९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट मरू लागले तेव्हा या जुन्या निबंधांवरची धूळ झटकली गेली.)

कोडे उरले ते थंडीचे. हिवाळ्यात डास रोडावतात. पक्ष्याच्या रक्तात हा विषाणू जेमतेम आठवडाभर राहतो. नंतर प्रतिपिंडे त्याचा निकाल लावतात. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विषाणू राहतो कुठे? शेतकरी बियाणे कणगीत ठेवतो, तशी विषाणूची कणगी कोणती?

इथे गोचिडीची आठवण होणे अपरिहार्य होते. त्यातही तिचा एक प्रकार. आपल्या गाईम्हशींच्या कानात, कासेजवळ दिसते ती ‘कठीण’ गोचीड. ती आयुष्यात मोजकी जेवते : सहा पायांची अळी असताना एकदा, आठ पायांचे पिलू (त्याला निम्फ म्हणतात) असताना एकदा आणि प्रौढ झाल्यावर एकदा. प्रत्येक जेवण मात्र कित्येक दिवस चालते. तितके दिवस ती चिकटून असते. दुसरी ‘मऊ’ गोचीड. तिची पाठ चामड्यासारखी, सुरकुतलेली. ती घरट्यात, भिंतीच्या फटीत, खुराड्याच्या लाकडात राहते, रात्री बाहेर येते, काही मिनिटांत रक्त पिऊन परत फटीत जाते. ती अनेकदा जेवते, अनेक महिने उपाशी राहू शकते आणि कित्येक वर्षे जगते. एका उन्हाळ्यात उपजून मरणाऱ्या डासाशी तुलना करून पाहा. कणगी व्हायला याहून योग्य प्राणी कोणता?

हर्लबट यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डासांबरोबर गोचिडींचाही समावेश होता. १९६० मध्ये व्हिटमन आणि एटकेन यांनी आफ्रिकेतल्या एका मऊ गोचिडीवर, ऑर्निथोडोरॉस मूबाटा हिच्यावर, नेमका हाच प्रश्न घेऊन काम केले : ती वेस्ट नाईलचा साठा आणि वाहक दोन्ही होऊ शकेल काय? आणि १९६४ मध्ये इजिप्तमध्येच श्मिट आणि सईद यांना निसर्गातल्या गोचिडीतून विषाणू मिळाला. ही गोचीड होती कबुतरखान्यांतली, अर्गास हेर्मानी. कबुतरखाना म्हटल्यावर मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे चौकातली दाणे टाकायची जागा येईल. नाईलकाठचा कबुतरखाना वेगळा. तो मातीचा उंच मनोरा असतो, आत भिंतींत कबुतरांना बसायला शेकडो मडकी किंवा कोनाडे. कबुतरांचे मांस खायला आणि विष्ठा शेताला खत म्हणून. हजारो पक्षी, वर्षानुवर्षे एकाच जागी, आणि भिंतींच्या फटीफटींत गोचिडी. याच्या एक वर्ष आधी, १९६३ मध्ये, व्होल्गा नदीच्या मुखाशी अस्त्रखान भागात सोव्हिएत संशोधकांना हायालोमा जातीच्या कठीण गोचिडीतून वेस्ट नाईल विषाणू मिळाला होता. रशियातली या विषाणूची ती पहिलीच नोंद. म्हणजे तिथे तो डासांच्याही आधी गोचिडीत सापडला!

आता रेघ ओढायला हरकत नाही, असे कुणालाही वाटेल. हरकत होती, पण त्याकडे वळण्यापूर्वी कैरोतल्या टेलफर्ड वर्क यांच्या मागोमाग पुण्याला जायला हवे. डास आणि गोचीड यांच्यातली गल्लत सर्वांत नाट्यमय रीतीने घडली ती त्यांच्या पुण्याच्या मुक्कामात.

पुण्याची प्रयोगशाळा आणि मलनाडची माकडे

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू केले. १९७८ पासून तीच राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखली जाते. डासांमुळे पसरणारे विषाणू भारतात कोणकोणते आहेत हा तिथला पहिला प्रश्न. वेस्ट नाईलची प्रतिपिंडे मुंबईकरांच्या रक्तात १९५२ मध्येच दिसली होती. १९५४ मध्ये भारतीयांच्या रक्ताची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्या लेखकांत खुद्द स्मिथबर्न होते. टेलफर्ड वर्क कैरोहून इथे संचालक म्हणून आले.

मार्च १९५७ मध्ये त्यांच्याकडे निरोप आला, की तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सागर आणि सोरब तालुक्यांत, जंगलात माकडे मरून पडत आहेत आणि आसपासच्या खेड्यांतली माणसेही तापाने आजारी आहेत. आदल्या वर्षीही असाच ताप आला होता, पण तो विषमज्वर समजला गेला होता. मेलेली माकडे आणि तापलेली माणसे हे वर्णन ऐकून कोणत्याही विषाणुतज्ज्ञाच्या पोटात गोळा येईल. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची चाहूल अशीच लागते. पीतज्वर आशियात कधीच आलेला नव्हता. पण तो पसरवणारा एडिस डास इथे घरोघर होता आणि लोकांना प्रतिकारशक्ती मुळीच नव्हती. वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो तातडीने निघाले. डास पकडण्याची तयारी अर्थातच बरोबर होती.

क्यासनूर जंगलात मरणाच्या दारी असलेले एक काळतोंडे वानर मिळाले. त्याच्यापासून आणि रुग्णांच्या रक्तापासून विषाणू वेगळा झाला. रक्तजलाच्या चाचण्यांनी तो पीतज्वराचा नाही हे दाखवले, तेव्हा सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. मग आश्चर्य. हा विषाणू जवळचा निघाला तो झिल्बर यांच्या रशियन विषाणूला! म्हणजे संशय डासावरून गोचिडीकडे वळवायला हवा होता. दिनदर्शिका इथेही तेच सांगत होती. रोग पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवसांत वाढतो आणि पावसाबरोबर ओसरतो. जंगलात गोचिडीची पिले सर्वांत जास्त असतात तीही याच महिन्यांत. पुण्याच्या पथकाने पालापाचोळ्यावरून फडकी ओढून गोचिडी गोळा केल्या आणि हीमाफायसॅलिस वंशाच्या गोचिडींमधून विषाणू मिळवला. मुख्य आरोपी ठरली हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. क्यासनूर जंगलाचा हा आजार कानडी मुलखात ‘मंगन कायिले’ आणि आपल्याकडे ‘माकडताप’ म्हणून ओळखला जातो. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूच्या बागांत पाचोळ्यातून वावरणाऱ्या माणसांना त्याची झळ लागली.

नवा प्रश्न असा, की सैबेरियाच्या विषाणूचे भावंड सह्याद्रीत आले कसे? वर्क पक्षिनिरीक्षक होते, आणि कैरोचा अनुभव ताजा होता. दर हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावर बाधित गोचिडी आल्या असतील काय?

हा प्रश्न तपासायचा तर पक्षी कुठून कुठे जातात हे कळायला हवे. भारतात ते कुणालाच नीट ठाऊक नव्हते. सालिम अलींना पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम कधीपासून करायचा होता, पैसा नव्हता. पाखरांच्या प्रेमापोटी न मिळालेला पैसा विषाणूच्या भीतीपोटी मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम सुरू केले. जाळ्यात पक्षी धरायचा, मोजमाप घ्यायचे, कानामागे, डोळ्यांभोवती, चोचीच्या बुडाशी गोचिडी शोधायच्या, रक्ताचा थेंब घ्यायचा आणि पायात ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा’ अशी इंग्रजी अक्षरे कोरलेले कडे घालून सोडून द्यायचे. भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आज आपण जे शिकवतो त्याचा पाया असा एका गोचिडीने घातला, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

पुढच्या काही वर्षांत या कामाला अमेरिकन लष्कराच्या एका प्रकल्पातून पैसा मिळू लागला, आणि तिथे माशी शिंकली. परक्या लष्कराला आपल्या पक्ष्यांच्या गोचिडीत आणि रक्तात एवढा रस कशाला, असा प्रश्न १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून विचारला गेला. विषाणू पक्ष्यांकरवी पाठवता येतो का, हे तर पाहायचे नव्हते? संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ च्या अहवालात अशा परदेशी सहकार्यावर कडक ताशेरे ओढले. सालिम अलींना हा संशय मनाला लागला. मला विचाराल तर प्रश्न विचारणाऱ्यांना मोडीत काढता येत नाही. निष्कर्ष खुले होते, तरी पैशाची वाट आधीच सर्वांसमोर मांडायला हवी होती.

आणि मूळ प्रश्नाचे उत्तर? सैबेरियातून पक्ष्यांवाटे विषाणू आल्याचा पुरावा त्या काळात मिळाला नाही. रशियन विषाणूची मुख्य वाहक असलेली तैगातली गोचीड सह्याद्रीत राहत नाही, आणि इथली स्पिनिजेरा इथलीच आहे. जमिनीवर चरणारे रानकोंबड्यासारखे पक्षी तिची पिले अंगावर वागवतात, पण विषाणूची वाढ होते ती माकडांत आणि लहान सस्तन प्राण्यांत. गंमत म्हणजे संशय पुरता मेलेला नाही. १९९० नंतर सौदी अरेबियात अल्खुर्मा नावाचा विषाणू सापडला; तो माकडतापाच्या विषाणूचा अगदी जवळचा नातलग. दोघांच्या जनुकांतील फरकावरून ते कधी वेगळे झाले याचे गणित मांडले गेले. २००९ मध्ये एका गटाचे उत्तर आले १९४२ च्या सुमारास. २०११ मध्ये दुसऱ्या गटाचे उत्तर आले सुमारे सातशे वर्षांपूर्वी. इतकी तफावत असलेल्या दोन घड्याळांवरून गाडी पकडता येणार नाही, पण अरबस्तान आणि सह्याद्री यांच्यामधला दुवा म्हणून पक्ष्यांवरच्या गोचिडीचे नाव पुन्हा घेतले जाते.

सापडणे वेगळे, पसरवणे वेगळे

आता वेस्ट नाईलच्या त्या अडकलेल्या रेघेकडे येऊ. गोचिडीत विषाणू सापडला याचा अर्थ काय? तिने बाधित कबुतराचे रक्त प्यायले असेल तर तो विषाणू कबुतराचाच, तिच्या पोटातल्या जेवणातला. एसटीत बसलेला प्रत्येक जण चालक नसतो. ती वाहक ठरायला विषाणू जेवणाबरोबर पचून न जाता तिच्या आतड्याची भिंत ओलांडून शरीरात वाढला पाहिजे. कात टाकताना गोचिडीचे अवयव जणू नव्याने घडतात. त्या उलथापालथीतून तो तरला पाहिजे. मग लाळग्रंथीत पोहोचून चाव्यातून निरोगी प्राण्यात गेला पाहिजे. आणि एवढे होऊनही निसर्गात तिची पुढची भेट योग्य प्राण्याशी झाली पाहिजे.

ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे आणि ती कागदावर बसूनही तपासता येते. हायालोमा मार्जिनाटम या कठीण गोचिडीचे उदाहरण घ्या. तिची अळी पक्ष्याला चिकटते, त्याच पक्ष्यावर कात टाकून पिलू होते, पुन्हा तिथेच रक्त पिते. असे दोन ते चार आठवडे ती एकाच पक्ष्यावर काढते. तेवढ्यात पक्षी भूमध्य समुद्र ओलांडून जातो. कैरोतल्या हॅरी हूगस्ट्राल यांनी हे प्रत्यक्ष मोजले. १९५९ ते १९६१ च्या शरद ऋतूंत त्यांच्या पथकाने इजिप्तमार्गे दक्षिणेला जाणारे तीस हजारांहून अधिक पक्षी तपासले. शंभरातल्या जेमतेम तीन-चारांवर गोचिडी होत्या. प्रमाण लहान, पण कोट्यवधी पक्ष्यांशी गुणा आणि पाहा! तेव्हा गोचीड प्रवास करते यात शंका नाही. पण पक्ष्यावरून गळून पडल्यावर ही गोचीड प्रौढ होते आणि तिचे पुढचे जेवण होते गाईवर किंवा घोड्यावर. वेस्ट नाईलसाठी घोडा म्हणजे बंद गल्ली, हे आपण सुरुवातीला पाहिले. तिच्या पोटात विषाणू असला तरी तो पक्ष्यांच्या चक्रात परत जाणे कठीण.

घरट्यातल्या मऊ गोचिडीला ही अडचण नाही. ती पक्ष्यावरच जेवते, पुन्हा पक्ष्यावरच जेवते, आणि पुढच्या विणीत नवी पिले आली की त्यांच्यावरही जेवते. ज्यांच्या रक्तात अजून प्रतिपिंडे नाहीत अशी पिले तिच्या तोंडापुढे आपोआप येतात.

प्रयोगशाळेतले निकालही याच दिशेने गेले. १९९३ मध्ये इजिप्तच्या संशोधकांनी बगळ्यांच्या वसाहतीत राहणारी अर्गास आर्बोरियस ही मऊ गोचीड कोंबड्यांना वेस्ट नाईल देऊ शकते असे दाखवले. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या लॉरी, नटॉल आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकार समोरासमोर तपासले. ऑर्निथोडोरॉस मूबाटा या मऊ गोचिडीत विषाणू किमान १३२ दिवस टिकला आणि तिने तो चाव्यातून उंदराला दिला. युरोपातली सर्वपरिचित कठीण गोचीड इक्सोडिस रिसिनस हिच्यात विषाणू गेला, पण तिच्यात तो टिकून राहिला नाही. अमेरिकेतल्या कठीण गोचिडींवर २००३ मध्ये झालेल्या प्रयोगांत विषाणू कात टाकल्यावरही राहिला, पण त्यांनी तो पुढे दिला नाही. २००५ मध्ये मात्र समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीतल्या एका मऊ गोचिडीने बदकांच्या पिलांना लागण करून दाखवली. आठवडाभरात पक्ष्याच्या रक्तातून नाहीसा होणारा विषाणू फटीतल्या गोचिडीत चार महिन्यांहून अधिक काळ जिवंत! सिंदबिसच्या संशोधकांनी शोधलेली कणगी ती हीच, असे म्हणण्याचा मोह इथे आवरत नाही.

पण कणगी एकच असते असे कुणी सांगितले? न्यूयॉर्कमध्ये पहिली साथ झाली १९९९ च्या उन्हाळ्यात. २००० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथल्या संशोधकांनी शहरातल्या थंड, अंधाऱ्या तळघरांसारख्या जागा धुंडाळून हिवाळी झोपेत असलेल्या क्युलेक्स माद्या गोळा केल्या, आणि त्यांच्यात विषाणू मिळाला. ज्या डासाला आपण हिवाळ्यात मेलेला समजत होतो त्याच्या काही माद्या भिंतीला चिकटून वसंताची वाट पाहत होत्या, आणि विषाणूही त्यांच्याबरोबर. म्हणजे न्यूयॉर्कला तरी गोचिडीवाचून अडत नव्हते. कबुतरांच्या मनोऱ्यात, बगळ्यांच्या वसाहतीत गोचिडीचे काम किती मोठे आहे हे त्या त्या जागी जाऊन मोजावे लागते. एका गोचिडीचा निकाल दुसरीला लावता येत नाही, हे मात्र या प्रयोगांनी पक्के केले.

एक उदाहरण वर्गात देण्याजोगे आहे. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात जर्मनीत दोन बातम्या आल्या. घोड्यांच्या अंगावर, पूर्वी तिथे क्वचितच दिसणाऱ्या हायालोमाच्या प्रौढ गोचिडी सापडल्या. त्या स्थलांतरी पक्ष्यांवरून पिलू अवस्थेत आल्या असणार. त्याच ऑगस्टमध्ये हाले शहराच्या प्राणिसंग्रहालयातले एक घुबड मेले आणि त्याच्यात वेस्ट नाईल विषाणू निघाला. जर्मनीतल्या पक्ष्यांतली ही पहिली नोंद. दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की मुले क्षणात रेघ ओढतील. मग त्यांना सांगावे, की जर्मनीतल्या विषाणूची जनुके चेक प्रजासत्ताक आणि ऑस्ट्रिया या शेजारी देशांत आधीच फिरणाऱ्या विषाणूशी जुळतात, आणि हायालोमाची प्रौढ मादी घुबडावर नव्हे, घोड्यावर जेवते. आता ही रेघ ठेवायची की खोडायची, आणि ठेवायची असेल तर कोणती गोचीड, कोणत्या पक्ष्याच्या घरट्यातून, वर्षाच्या कोणत्या महिन्यात पकडून तपासायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे.